आधी पुरवठा, मग मोटर

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत कंट्रोल व्हॉल्व्हची देखभाल करण्यात माझ्या नोकरीची सारी वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापले छोटे यंत्रमानव घेऊन माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा त्या दोन कामांचे नाते किती निकटचे आहे हे मला हळूहळू उमगत गेले. मुलांच्या हातातील नऊ ग्रॅमची निळी सर्व्हो मोटर आणि कारखान्यातील कमरेइतक्या उंचीचा व्हॉल्व्ह यांच्या आकारमानात, किमतीत आणि जबाबदारीत महदंतर असले, तरी दोघांची कार्यपद्धती एकच आहे, आणि दोघांच्या आजारांची मुळेही बहुधा एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण कोणते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

कारखान्यात कंट्रोल रूममधून ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत निघतो, त्याचे ३ ते १५ पीएसआय इतक्या हवेच्या दाबात रूपांतर होते, त्या दाबाच्या हुकुमानुसार व्हॉल्व्हचा दांडा सरकतो, आणि दांडा खरोखर किती सरकला याची खबर एक लहानशी तरफ पोझिशनरकडे परत पोहोचविते. हुकूम आणि त्याची तामिली यांत तफावत उरली असेल, तर पोझिशनर हवा कमी-अधिक करून ती भरून काढतो. सर्व्होच्या डबीतही हेच चालते. आत एक डीसी मोटर, तिची गती घटवून जोर वाढविणारी गिअरची साखळी, शेवटच्या गिअरच्या आसाला जोडलेला पोटेन्शिओमीटर आणि या सर्वांवर देखरेख करणारे सर्किट असते. दर २० मिलिसेकंदांनी येणारा स्पंद १ मिलिसेकंदाचा असला तर आस एका टोकाला जातो, २ मिलिसेकंदांचा असला तर दुसऱ्या टोकाला, आणि दीड मिलिसेकंदाचा असला तर मध्यावर येऊन थांबतो. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने जहाजाचे अवजड सुकाणू वाफेच्या बळाने, परंतु सुकाणूधराच्या हाताबरहुकूम वळावे म्हणून हेच तत्त्व योजिले आणि १८७३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. जहाजाच्या सुकाणूपासून मुलांच्या यंत्रमानवाच्या हातापर्यंत तत्त्व अखंड राहिले. बदलले ते केवळ बळ पुरविण्याचे साधन.

या साधनाकडेच आधी पाहावे, ही दृष्टी मला नोकरीच्या आरंभीच्या काळात एका वयोवृद्ध फोरमनकडून मिळाली. एका रात्रपाळीत निरनिराळ्या टाक्यांवरचे व्हॉल्व्ह एकाएकी डळमळू लागले. दांडे वर-खाली हेलकावू लागले, आमच्या बोलीत ज्याला हंटिंग म्हणतात ते सर्वत्र सुरू झाले, आणि आम्ही तरुण मंडळी हातात पाने घेऊन एकेका पोझिशनरकडे धावलो. फोरमन मात्र एकाही व्हॉल्व्हजवळ गेले नाहीत. ते सरळ कॉम्प्रेसरच्या बाजूला गेले, इन्स्ट्रुमेंट एअरच्या मुख्य नळावरील गेज त्यांनी पाहिला आणि दाब उतरलेला आहे एवढेच शांतपणे सांगितले. एक व्हॉल्व्ह बिघडला तर व्हॉल्व्ह उघडावा, अनेक व्हॉल्व्ह एकदम बिघडले तर हवा तपासावी, हे त्यांचे सूत्र होते. आणि पुढे मुलांच्या यंत्रमानवांपुढे बसल्यावर हवेच्या जागी वीज हा शब्द घातला की ते सूत्र जसेच्या तसे लागू पडते, याचा प्रत्यय मला वारंवार आला.

मुलांमध्ये हे वेड कसे पसरत गेले, ते मी जवळून पाहिले आहे. २००८ साली आशिया-पॅसिफिक विभागाची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात भरली आणि तिचा विषय चक्क आपली दहीहंडी हा ठेवण्यात आला, तेव्हा अभियांत्रिकीच्या मुलांत या विद्येविषयी मोठे कुतूहल जागे झाले. पुढे नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे २०१६ पासून शाळांनाही २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळण्याची तजवीज झाली, आणि सहावी-सातवीच्या वर्गांत मोटरना हुकूम देणारा आर्डुइनोचा बोर्ड दिसू लागला. साहित्य आले, उत्साह तर होताच. परंतु वजन मोजून, अंतर मोजून, विजेचा हिशेब मांडून मग वस्तू खरेदी करावी, ही शिस्त साहित्याच्या खोक्यातून येत नाही.

बदलापूरच्या एका शाळेतील मुलांनी प्रदर्शनासाठी केलेला यंत्राचा हात या बाबतीत नमुनेदार म्हणता येईल. सनबोर्डचा तो हात मोठ्या निगुतीने कापलेला होता, खांदा, कोपर, बैठक आणि चिमटा अशा चार जागी चार लहान सर्व्हो बसविलेल्या होत्या, आणि हात रिकामा असताना सुरेख हालचाल करीत होता. मात्र चिमट्यात खोडरबर दिले की खांदा थरथरे, हात हळूहळू खाली झुके आणि मुलांची तोंडे उतरत. काका, मोटर खराब निघाली, असा त्यांचा एकमुखी निष्कर्ष होता. मी त्यांना मोटर बदलू दिली नाही. घरातून स्वयंपाकाचा वजनकाटा व फूटपट्टी आणावयास सांगितले.

हाताची लांबी खांद्यापासून चिमट्यापर्यंत २० सेंटिमीटर भरली. सनबोर्डचे वजन ६० ग्रॅम, आणि ते मध्यावर, म्हणजे १० सेंटिमीटरवर एकवटले आहे असे धरले, तर त्याचा भार ६०० ग्रॅम-सेंटिमीटर; टोकाला चिमटा व त्याची मोटर मिळून ४० ग्रॅम, त्यांचा भार ८००; उचलावयाची वस्तू ५० ग्रॅम, तिचा १०००. बेरीज २४००, म्हणजे २.४ किलोग्रॅम-सेंटिमीटर. एसजी-९० या त्यांच्या मोटरचा ४.८ व्होल्टवरचा जोर १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर असतो, आणि तोही मोटर जागच्या जागी अडून बसते त्या टोकाच्या क्षणाचा. कागदावर हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहिल्यावर मुले बराच वेळ गप्प राहिली, आणि मग त्यांतील एका मुलीने विचारले, की मोटर खराब नाही, तर मग आपण तिच्याकडून न होणारे काम मागतो आहोत का? एवढा प्रश्न पडला की पुढचे शिकवणे सोपे असते.

हात आडवा असताना भार सर्वाधिक असतो, तेव्हा हिशेब त्याच स्थितीचा करावा. आणि मोटरच्या कागदावर छापलेल्या जोराच्या निम्म्याहून अधिक काम तिच्याकडून नित्य घेऊ नये, हा माझा नियम आहे. त्या नियमाने खांद्याला ५ किलोग्रॅम-सेंटिमीटरच्या आसपासची मोटर हवी होती, म्हणून तिथे धातूच्या गिअरची एमजी-९९६आर बसवावी असे ठरले. तिचा जोर ४.८ व्होल्टवर ९.४ आणि ६ व्होल्टवर ११ असतो. कोपर, बैठक व चिमटा यांना लहान मोटरच पुरेशा होत्या. परंतु त्याआधी मुलांनी हात १५ सेंटिमीटरचा करून पाहिला आणि भार १.७ च्या घरात आला. पाठीमागे रबर लावून काही भार त्यावर टाकता येतो, हेही त्यांनी स्वतःच शोधले. मोठी मोटर घेण्यापूर्वी हात आखूड वा हलका करता येईल का, हा प्रश्न विचारावयाची सवय लागली, तर निम्मा खर्च वाचतो.

खांद्याची मोटर बदलली, तरी खरा रोग अजून शिल्लक होता. सर्व मोटरना वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून आणि आर्डुइनोला ती ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीतून मिळत होती. ती बॅटरी थोडा प्रवाह दीर्घकाळ पुरविण्यासाठी असते; एका अँपिअरचा तगादा लावला की तिचा दाब आतल्या आतच ढासळतो. शिवाय ९ मधून ५ व्होल्ट काढताना उरलेले ४ व्होल्ट बोर्डावरच्या नखाएवढ्या रेग्युलेटरला उष्णतेच्या रूपाने पचवावे लागतात. अर्धा अँपिअर वाहिला, तरी २ वॅटचा शेक त्याला बसतो. मी माझा जुना काट्याचा मीटर जोडून मुलांना काट्याकडे पाहावयास सांगितले. हात स्थिर असता काटा पाचावर होता. खांद्याने उचल घेताच तो झटक्याने खाली आपटला, बोर्डावरचा दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला, आणि चारही मोटर एकदम मूळ जागी धावल्या. त्यांच्या धावण्याने दाब पुन्हा कोसळला, बोर्ड पुन्हा नव्याने सुरू झाला, आणि हे चक्र आम्ही तार काढीपर्यंत चालू राहिले. आकड्यांचा डिजिटल मीटर अशा वेळी फसवितो. त्याचा आकडा बदलेपर्यंत पडझड होऊन गेलेली असते, म्हणून काट्याचा मीटर मी अजून टाकलेला नाही.

मोटर किती वीज घेते, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. एमजी-९९६आर चालताना ६ व्होल्टवर अर्धा ते पाऊण-एक अँपिअर घेते, परंतु अडून बसली की अडीच अँपिअर ओढते. आणि स्थिर अवस्थेतून हालचाल सुरू करताना, त्या पहिल्या क्षणी, प्रत्येक मोटर अडलेल्या मोटरसारखीच वागते. घरचा महिन्याचा किराणा सरासरीने भरता येतो, परंतु लग्नघरी तांदूळ सर्वांत मोठ्या पंगतीच्या मापानेच काढावे लागतात. विजेच्या पुरवठ्याचेही तसेच आहे. या हिशेबाने मुलांच्या हाताला खांद्याचे अडीच आणि इतर तिघींचे प्रत्येकी सुमारे पाऊण, असे पावणेपाच अँपिअर मिळावयास हवे होते. दुकानांच्या एलईडी पाट्यांसाठी ५ व्होल्ट, १० अँपिअरचा जो एसएमपीएस मिळतो, तो आम्ही लावला, मोटरच्या लाल तारा आर्डुइनोपासून पूर्णतः अलग केल्या, काळ्या तारा मात्र त्याच्या ग्राउंडशी एकत्र बांधल्या, आणि मोटरच्या जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला. ग्राउंड एकत्र नसेल, तर संकेताला संदर्भच उरत नाही आणि मोटर वेड्यासारखी वळते. हात शांत झाला. प्रोग्रामची एक ओळही बदलावी लागली नव्हती.

उल्हासनगरातील एका गणेशोत्सव मंडळाच्या हलत्या देखाव्याने मला याच विषयाची दुसरी बाजू दाखविली. टाळ वाजविणारे दहा वारकरी, प्रत्येकाच्या हाताला एक आणि मानेला एक अशा वीस सर्व्हो, आणि मंडपाच्या एका कोपऱ्यात ५ व्होल्टचा एकच मोठा पुरवठा, अशी रचना मंडळातील हौशी तरुणांनी केली होती. पुरवठ्याजवळचे वारकरी जोमाने टाळ वाजवीत, आणि टोकाचे हात अर्ध्यावर येऊन कापत. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. ६ मीटर जाण्याची आणि ६ मीटर परतीची तार धरली, तर ०.२ ओहम होतो, आणि ५ अँपिअर वाहिल्यास १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. पाचांतून एक गेला, तर पंचमांश गेला. म्हणून आम्ही १२ व्होल्टचा पुरवठा मंडपभर फिरविला आणि दर दोन वारकऱ्यांमागे एक कन्व्हर्टर बसवून तो जागच्या जागी ६ व्होल्टवर उतरविला. तेवढ्याच कामाला तारेतून निम्माच प्रवाह जाऊ लागला, आणि वाटेत गेलेल्या अर्ध्या व्होल्टचे मोटरना काही वाटेनासे झाले. महावितरण वीज उच्च दाबाने आणून उपकेंद्रात उतरविते, त्यामागेही हेच कारण आहे.

त्या मंडपात एक वृद्ध मूर्तिकार काम करीत होते, आणि त्यांचे म्हणणे ऐकून माझ्या विचाराला नवे वळण मिळाले. माना दहा दिवस एकाच लयीत डुलणार असतील, तर त्यांना सर्व्हो कशाला हवी, असे त्यांनी विचारले. गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, तिच्यावर एक कॅम आणि एक दांडी, एवढ्यावर ते वर्षानुवर्षे देखावे हलवीत आले होते. त्यांचे म्हणणे सर्वथा योग्य होते. छंदाच्या सर्व्होतील पोटेन्शिओमीटर आणि मोटरचे ब्रश अखंड घासत राहिले, तर लवकर झिजतात. जिथे नेमक्या जागी जाऊन थांबावयाचे असते, तिथेच सर्व्होचे मोल आहे. माना वायपरच्या मोटरवर गेल्या, टाळांचे हात सर्व्होवर राहिले, वीस सर्व्होंच्या जागी दहा उरल्या, आणि पुरवठ्यावरचा ताण आपोआप निम्म्यावर आला. योग्य मोटर निवडणे म्हणजे पुष्कळदा कमी मोटर निवडणे, हे त्या कारागिराने मला शिकविले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा सहा पायांचा एक यंत्रमानव अंबरनाथमध्ये माझ्यापुढे आला, तो याच्या उलट दिशेच्या विचाराचा नमुना होता. पाय सहा, प्रत्येकाला तीन सांधे, म्हणून अठरा एमजी-९९६आर. एकेक ५५ ग्रॅमची, म्हणजे नुसत्या मोटरचेच वजन ९९० ग्रॅम. ते पेलण्यासाठी ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्याला चालविण्यासाठी मोठी बॅटरी, त्या बॅटरीच्या वजनासाठी आणखी जोर, असा तो व्याप वाढत गेला होता. सर्व मोटर एकदम अडल्या, तर मागणी ४५ अँपिअरची. आणि मुलांनी पुरवठा ज्या कन्व्हर्टरवर सोपविला होता, त्याची मर्यादा ३ अँपिअर. तीन पाय जमिनीवर आणि तीन अधांतरी अशा चालीत सारा भार तीनच पायांवर येतो, हे त्यांनी लक्षात घेतले नव्हते. पायांची मांडी आखूड केली, सांगाडा हलका केला, भार न पेलणाऱ्या बाजूच्या सांध्यांना छोट्या धातूच्या मोटर दिल्या, आणि पाय एकाच क्षणी न उचलता काही मिलिसेकंदांच्या अंतराने उचलावयास लावले; तेव्हा कुठे तो यंत्रमानव चालू लागला.

बॅटरीच्या बाबतीत मी मुलांशी कठोरपणे बोलतो. छंदाच्या मोटरच्या कागदांवर ४.८ आणि ६ हे आकडे दिसतात, कारण रेडिओवर चालणाऱ्या विमानांत त्या १.२ व्होल्टच्या चार वा पाच सेलवर चालत असत. आजची मुले मात्र १८६५० जातीचे दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडतात, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत त्यांचा दाब ८.४ व्होल्ट होतो. ७.२ व्होल्टची मर्यादा असलेली मोटर त्यावर काही काळ मोठ्या तडफेने चालते आणि मग जळते. कन्व्हर्टरशिवाय लिथियम जोडू नये, फुगलेला सेल वापरू नये, आणि चार्जिंग चालू असता घराबाहेर जाऊ नये. जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस उल्हासनगरात स्वस्तात मिळतो; त्याची हिरवी तार काळीशी जोडली की तो सुरू होतो, आणि लाल तारेवर ५ व्होल्टचा भरपूर प्रवाह मिळतो; पण त्याचे झाकण मुलांनी कधीही उघडू नये, कारण आतला दाब जिवावर बेततो.

खरेदीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. उल्हासनगर हे जीन्सच्या कारखान्यांचे गाव असल्यामुळे तिथे सर्व्हो मोटर मागितली, तर शिलाई मशीनची २२० व्होल्टची मोटर पुढे येते, तेव्हा आपल्याला काय हवे ते जोर, व्होल्टेज व गिअरचा धातू यांसह चिठ्ठीवर लिहून न्यावे. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर निवड अधिक मिळते, परंतु नकली मालही तितकाच असतो. खोक्यावरचा आकडा प्रमाण मानू नये. माझी परीक्षा साधी आहे. मोटर फळीला घट्ट बांधावी, तिला १० सेंटिमीटरचा आडवा हात लावावा, आणि टोकाला पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली टांगावी. हा ५ किलोग्रॅम-सेंटिमीटरचा भार झाला. १० किलोचा दावा करणारी मोटर एवढा भार न कुरकुरता उचलून धरते की नाही, ते मिनिटभरात कळते, आणि डबी हाताला किती तापली हेही कळते. एकदा अशा परीक्षेत नापास झालेली मोटर मुलांनी उघडली, तेव्हा धातूच्या म्हणून विकलेल्या गिअरपैकी मधले एक चाक पांढऱ्या प्लास्टिकचे निघाले, आणि त्याचे तीन दाते मुळापासून तुटलेले होते. त्या दिवशी मुलांनी जे पाहिले, ते माझ्या शब्दांनी त्यांना पटले नसते.

इतक्या वर्षांच्या या कामातून माझी एक धारणा दृढ झाली आहे. मुले ज्याला मोटरचा दोष म्हणतात, तो बहुधा पुरवठ्याचा असतो; ज्याला प्रोग्रामचा दोष म्हणतात, तोही पुष्कळदा पुरवठ्याचाच असतो; आणि पुरवठ्याचा दोष हा शेवटी न मोजण्याचा दोष असतो. म्हणून आमच्या भागातील ज्या शाळांकडे प्रयोगशाळेचा निधी आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की पहिल्या दिवशी मुलांच्या हाती मोटर देऊ नये. वजनकाटा, फूटपट्टी आणि मीटर द्यावा. हाताचा भार, मोटरचा जोर आणि सर्वांत कठीण क्षणाचे अँपिअर हे तीन आकडे त्यांना कागदावर मांडू द्यावेत. त्या आकड्यांना पुरेल असा पुरवठा आधी आणावा, आणि मोटर सर्वांत शेवटी.